नेमल्या वेळचा शब्द

बोलणें आणि बोलणारा यांची ताटातूट झाली म्हणजे बोलण्याचा खरेपणा कोठें राहतो, हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोनें 'फीड्रस' या संवादांत सॉक्रेटिसाच्या तोंडून लिखित शब्दाविरुद्ध जी तक्रार मांडली आहे ती पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो गप्प बसतो, कोणापाशीं बोलावें आणि कोणापाशीं बोलूं नये हें त्याला कळत नाहीं, आणि त्याच्यावर कोणी रागावलें तर त्याच्या बापाला धांवून यावें लागतें, असा त्या तक्रारीचा आशय आहे. माणसानें दोन हजारांहून अधिक वर्षें ती तक्रार ऐकून घेतली आणि लिहिणें चालूच ठेवलें. आणि तें बरेंच झालें, कारण ती तक्रारहि आपल्यापर्यंत लेखनाच्याच वाटेनें आली. तेव्हां हा वाद आतां मिटला असें आम्ही समजत होतों. परंतु एका कापडदुकानाच्या निमित्तानें तो आमच्या दाराशीं पुन्हां येऊन उभा राहिला, आणि या खेपेस बाप म्हणून जबाब द्यावयाचा होता तो आम्हांलाच.

आमचा एक जुना विद्यार्थी सांगली जिल्ह्यांत कृष्णाकांठच्या एका गांवीं वडिलार्जित कापडाचें दुकान चालवितो. सन २०१९ च्या मे महिन्यांत, कॉलेजला सुटी असतांना, तो पुण्यास आमच्या घरीं आला आणि त्यानें एक तक्ता आमच्यापुढें ठेवला. जूनपासून दिवाळीपर्यंतचे सणवार त्यांत ओळीनें मांडलेले होते, आणि प्रत्येकापुढें चित्र, मजकूर व वेळ असे तीन रकाने आंखलेले होते. चित्रें त्यानें जमविलीं होतीं. वेळ सकाळीं आठची ठरली होती, कारण दुकानाच्या फेसबुकवरील पानाकडे लोकांची नजर कोणत्या घटकेस अधिक असते हें तें पानच त्याला दाखवीत असे. मजकुराचा रकाना तेवढा कोरा होता. "सर," तो म्हणाला, "दुकान सकाळीं नऊला उघडतें तें रात्रीं नऊला बंद होतें. गिऱ्हाईक समोर बसलेलें असतांना हातांत फोन धरणें बरें दिसत नाहीं, आणि रात्रीं डोकें चालत नाहीं. तुम्ही प्रत्येक दिवसाला दोन-दोन ओळी लिहून द्या. मी त्या एकदांच चढवून ठेवतों. पुढचें आपोआप होतें."

या 'आपोआप' शब्दाविषयीं आम्हांस त्या वेळीं कुतूहल वाटलें, शंका वाटली नाहीं. व्यापाऱ्यानें समाजमाध्यमांवरील आपला मजकूर आगाऊ लिहून ठेवावा आणि ठरल्या दिवशीं, ठरल्या घटकेस तो यंत्रानें प्रसिद्ध करावा, ही सोय तेव्हांहि नवी नव्हती. हूटसूट हें साधन कॅनडांत २००८ सालीं निघालें, बफर हें इंग्लंडांत २०१० सालीं. आणि फेसबुकनें आपल्या घरचीच तशी व्यवस्था व्यापारी पानांसाठीं २०१२ सालीं करून दिली. मोठ्या कंपन्यांत या कामासाठीं निराळीं माणसें नेमलेलीं असतात. लहान दुकानदार तें एखाद्या सुटीच्या दुपारीं उरकतो. आम्हीं दोन दिवसांत तीसएक मजकूर लिहून दिले, आणि खरें सांगावयाचें तर आपल्या हातचें गद्य गांवच्या बाजारपेठेंत वाचलें जाणार याचा आम्हांस थोडा अभिमानहि वाटला.

या नियोजनाचे गुण आम्ही आधीं सांगूं, कारण ते खरे आहेत. पहिला गुण असा कीं, घाईंत बोललेल्या शब्दापेक्षां ठरवून बोललेला शब्द बहुधा अधिक जबाबदार असतो. रागाच्या भरांत किंवा शेजारच्या दुकानाशीं चढाओढ करण्याच्या भरांत जें लिहिलें जातें तें महिनाभर आधीं बसून लिहिलें जात नाहीं. दुसरा गुण आम्हांस त्या तक्त्यानेंच शिकविला. आम्हीं प्रथम जे दिवस भरले ते सर्व आमच्या घरच्या पंचांगांतले होते. सगळा तक्ता एकत्र डोळ्यांपुढें आला तेव्हां विद्यार्थी म्हणाला, "सर, जूनच्या पांच तारखेला ईद आहे, ती राहिली. आणि ऑक्टोबरांत धम्मचक्र प्रवर्तन दिन. माझीं निम्मीं गिऱ्हाइकें त्या घरांतलीं आहेत." आम्हीं पोळा लिहिला होता, त्यानें तो खोडून त्या जागीं आषाढांतला बेंदूर घातला, कारण त्या भागांत बैलांचा सण तोच. रोजच्या रोज सुचेल तें बोलणाऱ्या माणसाला आपण कोणाला विसरतों हें कधींच दिसत नाहीं; ओळीनें मांडून पाहणाऱ्यास तें दिसतें. नियोजन हें केवळ सोयीचें नसून न्यायाचेंहि साधन होऊं शकतें, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों.

पुढें ऑगस्ट उजाडला. त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत कृष्णा आणि पंचगंगा यांना जो पूर आला तो महाराष्ट्र विसरलेला नाहीं. सांगली आणि कोल्हापूर हीं दोन्ही शहरें पाण्यांत होतीं, आणि पुणें-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद पडला होता. आमच्या विद्यार्थ्याच्या गांवीं बाजारपेठेंत पाणी शिरलें, वीज गेली, फोन बंद पडले. दुकानांतील माल वर उचलण्याचा नाद सोडून तो इतर तरुणांबरोबर खालच्या आळीतील म्हातारींकोतारीं माणसें बाहेर काढीत होता. शुक्रवार, ता. ९ ऑगस्ट रोजीं सकाळीं ठीक आठ वाजतां त्याच्या दुकानाच्या पानावर, हिरव्या नऊवारींतील एका हंसऱ्या बाईच्या चित्राखालीं, श्रावणांतल्या शुक्रवारच्या जिवतीच्या पूजेनिमित्त आम्हीं मे महिन्यांत लिहिलेल्या ओळी प्रकट झाल्या: 'श्रावणसरींनीं तुमचें अंगण भरून वाहो, घरांतलीं लेंकरें सुखांत राहोत.'

दुकान पाण्यांत, मालक पाण्यांत, दिवा नाहीं, फोन नाहीं. आणि शब्द मात्र घड्याळाच्या कांट्यावर. त्याच गांवचा एक मुलगा मुंबईस नोकरीला होता. चार दिवस त्याला घरची बातमी धड मिळत नव्हती. त्यानें त्या ओळींखालीं लिहिलें: 'अंगण भरून वाहतें आहे. लेंकरें शाळेच्या गच्चीवर आहेत.' दुकानदाराचा धाकटा भाऊ पुण्यास राहतो. पानाची किल्ली त्याच्यापाशींहि होती. अकराच्या सुमारास त्याच्या तें ध्यानांत आलें आणि त्यानें मजकूर काढून टाकला. तीन तास तो तेथें होता.

ही गोष्ट एका खेड्यांतली म्हणून लहान समजूं नये. सन २०१३ च्या जानेवारींत इंग्लंड-आयर्लंडांत गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत घोड्याचें मांस सांपडल्याचा बोभाटा झाला, आणि टेस्को या बड्या दुकानसंस्थेचें नांव त्यांत आलें. त्याच दिवसांत तिच्या ट्विटर-खात्यावरून ग्राहकांचा रात्रीपुरता निरोप घेणारा एक मजकूर निघाला. निजावयास जाणें या अर्थीं इंग्रजींत वैरणीवर अंग टाकण्याचा एक वाक्प्रचार आहे. तो त्यांत होता. घोड्यांच्या प्रकरणांत वैरणीचा विनोद, असा त्याचा अर्थ लोकांनीं केला. संस्थेनें क्षमा मागितली आणि सांगितलें कीं, तो मजकूर हें प्रकरण कळण्यापूर्वीं वेळ लावून ठेवलेला होता. हें सांगणें खरें होतें असें आम्ही समजतों. आमच्या विद्यार्थ्यानेंहि तेंच सांगितलें असतें. आणि तरीहि या सांगण्यानें मनाचें समाधान होत नाहीं. तें कां होत नाहीं, हाच आमच्या पुढचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, आगाऊ लिहिलेलें बोलणें हें आपल्या व्यवहारांत कोठें नाहीं? लग्नपत्रिका महिनाभर आधीं छापतात. का. र. मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हांपासून मराठी संपादक दिवाळीचा आनंद पावसाळ्यांतच जुळवीत आले आहेत. हा आक्षेप बरोबर आहे, पण तो पुरा नाहीं. छापील वस्तु आपल्या अंगावरच सांगत असते कीं, मला कोणीतरी आधीं तयार केलें आहे. दिवाळी अंक हातांत घेणारा वाचक संपादक त्या क्षणीं आपल्याशीं बोलत आहे असें मानीत नाहीं. समाजमाध्यमावरील मजकुराचें तसें नाहीं. तो जिवंत माणसांच्या बोलण्याच्या रांगेंत येऊन उभा राहतो; त्याच्या माथ्यावर त्याच दिवसाची, त्याच घटकेची खूण असते. आपण या क्षणीं तुमच्या दारांत उभे आहों असा त्याचा अबोल दावा असतो. दावा केला कीं तो निभावण्याची जबाबदारी आली.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनीं १९५५ सालीं हार्वर्ड येथें जीं व्याख्यानें दिलीं, आणि जीं त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं, त्यांत त्यांनीं दाखविलें आहे कीं, कांहीं वाक्यें वस्तुस्थिति सांगत नाहींत तर कृति करितात. वचन देणें, अभिनंदन करणें, सांत्वन करणें हीं सर्व बोलून केलेलीं कर्में आहेत. आणि मनांत भाव नसतां तीं केलीं तर कर्म घडतें पण तें अप्रामाणिक ठरतें. या कसोटीवर आमच्या ओळी लावून पाहिल्या तर आम्ही सुटतों. मे महिन्यांत त्या लिहितांना आमच्या मनांत त्या अनोळखी घरांविषयीं खरा सद्भाव होता. मग तो ऑगस्टांत कोठें गेला?

आम्हांस वाटतें, सद्भाव गेला नव्हता. पण सद्भाव पुरेसा नव्हता. कोणाचें तरी बरें व्हावें असें वाटणें आणि त्याला तसें सांगणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आगाऊ करून ठेवतां येते. बाप मुलीच्या शिक्षणासाठीं पैसे बाजूला टाकतो, आजोबा नातवंडांसाठीं आंबा लावतात; त्यांत त्यांचें प्रेम साठून राहतें आणि योग्य वेळीं उपयोगी पडतें. परंतु सांगणें हें नेहमी समोरच्या माणसाला असतें, आणि समोरचा माणूस आज कसा आहे हें पाहिल्यावांचून तें होत नाहीं. स्वयंपाक आदल्या रात्रीं करून ठेवला तर कोणी नांवें ठेवीत नाहीं. पान वाढतांना मात्र पाटावर कोण बसलें आहे, त्याचें पोट बरें आहे कीं नाहीं, हें वाढणाऱ्यास पाहावें लागतें. आम्हीं स्वयंपाकाबरोबर वाढणेंहि यंत्राकडे सोंपविलें.

तिसरा आक्षेप व्यापाराच्या हेतूविषयीं घेतात. दुकानदाराच्या शुभेच्छा म्हणजे माल खपविण्याचें आमिष. त्यांत खरेपणा शोधणेंच भोळेपणाचें, असें कांहीं मित्रांनीं आम्हांस सुनावलें. आम्ही याशीं सहमत नाहीं. आमच्या लहानपणीं ओळखीचा दुकानदार घरांतल्या थोरल्या मुलीचें लग्न ठरलें का म्हणून विचारी, तेव्हां शालूची विक्री त्याच्या मनांत नसे असें नाहीं. पण घरांत दुःख घडलेलें असलें तर तो चेहऱ्यावरून ओळखी, प्रश्न गिळून टाकी आणि मुकाट्यानें पांढरें कापड फाडून देई. स्वार्थ असूनहि त्याची आपुलकी खोटी नव्हती, कारण ती गप्प बसूं शकत असे. वेळ लावून ठेवलेला शब्द गप्प बसूं शकत नाहीं. त्याचें वैगुण्य हेतूंत नाहीं. तें या अशक्तपणांत आहे.

आतां दोष कोणाचा? यंत्राचा म्हणावा तर त्यानें सांगितलें तेंच केलें. विद्यार्थ्याचा म्हणावा तर त्या सकाळीं तो छातीभर पाण्यांत होता; फोनकडे पाहण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणें हा क्रूरपणा होईल. राहिलों आम्ही. आम्ही पुण्यांत कोरड्या घरांत होतों. आमच्याकडे वीज होती. त्या तक्त्याची एक प्रत आमच्या टेबलाच्या खणांत होती. चार दिवस आम्ही दूरदर्शनसंचापुढें बसून त्याच जिल्ह्याच्या पुराच्या बातम्या पाहत होतों, हळहळत होतों, आणि 'अंगण भरून वाहो' ही ओळ आपणच लिहिली आहे आणि ती शुक्रवारीं सकाळीं बोलली जाणार आहे हें एकदांहि आमच्या मनांत आलें नाहीं. त्या धाकट्या भावाला एक फोन केला असता तर पुरें होतें. तो नंबर आमच्यापाशीं होता.

आम्ही दुष्ट होतों म्हणून हें घडलें नाहीं. काम यंत्राच्या स्वाधीन केलें तेव्हां त्याची आठवणहि आम्हीं नकळत त्याच्याच स्वाधीन केली. यंत्रानें आमचे श्रम वांचविले याबद्दल तक्रार नाहीं. पण श्रमांच्या पोटांत एक लक्ष दडलेलें असतें, आणि श्रम गेले कीं तेंहि निमूटपणें निघून जातें. जो माणूस रोज सकाळीं स्वतःच्या हातानें दोन ओळी लिहितो त्याला त्या लिहितांना खिडकीबाहेर पाहावेंच लागतें. ज्याच्या ओळी मे महिन्यांतच संपल्या आहेत त्याला तें पाहण्याचें कारण उरत नाहीं. त्यानें मुद्दाम पाहिलें पाहिजे. श्रम दुसऱ्यावर सोंपवितां येतात. लक्ष सोंपवितां येत नाहीं, आणि तें सोंपवितां येतें असा भ्रम होणें हाच या सोयीचा खरा धोका आहे.

याच संदर्भांत आम्हांला स्वतःविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावयास संकोच वाटतो. त्याच ऑगस्टांत, त्याच आठवड्यांत, वेळापत्रकाप्रमाणें आम्ही वर्गांत 'किंग लियर'मधील वादळाचा प्रवेश शिकवीत होतों. आमचीं त्या प्रवेशावरचीं टिपणें पुष्कळ वर्षांपूर्वींचीं आहेत. कागद पिवळे पडले आहेत. हें वादळ बाहेरचें नसून राजाच्या मनांतलें कसें आहे, हें आम्हीं नेहमींच्या ओघानें सांगितलें. मागल्या बाकावर सांगलीकडचे दोन विद्यार्थी बसले होते. त्यांचा घराशीं संपर्क तुटला होता. तें आम्हांस तास संपल्यावर दुसऱ्या प्राध्यापकांकडून कळलें. ज्या यंत्राला आम्ही नांवें ठेवीत आहों त्याच्याहून त्या तासाला आम्ही फारसे निराळे नव्हतों. वेळ झाली, शब्द निघाले. यंत्राला डोळे नसतात. आम्हांला होते, आणि ते टिपणांवर होते.

सप्टेंबरांत आम्ही त्या गांवीं गेलों. दुकानाच्या भिंतीवर माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती. विद्यार्थ्यानें आमच्या ओळींचा विषय काढला नाहीं, आम्हींच काढला. तो म्हणाला, "शब्द वाईट नव्हते, सर. त्या दिवशीं ते आमचे नव्हते, एवढेंच." मुंबईच्या त्या मुलाच्या आजीकडे तो स्वतः जाऊन माफी मागून आला होता. ती म्हातारी त्याला म्हणाली होती, "तुला कुठं ठावं बाबा? तू तर आमचींच गाठोडीं डोक्यावर घेऊन चालला होतास." आम्ही या उत्तराचा पुष्कळ विचार केला. दूर असलेल्या नातवाला ते शब्द लागले. पाण्यांत उभ्या असलेल्या आजीला लागले नाहींत. तिनें शब्द आणि माणूस यांची तुलना केली आणि माणसाच्या बाजूनें निकाल दिला. तो तेथें होता म्हणून त्याचे चुकलेले शब्दहि तिनें पोटांत घातले. आम्ही तेथें नव्हतों; आम्हांस ती सवलत मिळण्यासारखी नव्हती.

मग व्यापाऱ्यानें आगाऊ कांहीं लिहूंच नये काय? असें म्हणणें अव्यवहार्य तर आहेच, पण अन्यायाचेंहि आहे. ईद आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन आमच्या तक्त्यांत आले ते आगाऊ मांडणीमुळेंच. वाट दाखविण्यास आपल्याच घरांतली एक रीत पुरेशी आहे. पूजा सांगणारे गुरुजी जे मंत्र म्हणतात ते शेंकडों वर्षांपूर्वींचे असतात. त्यांत गुरुजींचा स्वतःचा एकहि शब्द नसतो. परंतु आरंभीं संकल्पाच्या वेळीं त्यांना थांबावें लागतें. संवत्सर कोणतें, मास कोणता, तिथि कोणती, स्थळ कोणतें, यजमान कोण, हें त्या दिवशीं, त्या जागीं, त्या माणसाकडे पाहून उच्चारावें लागतें. ज्यांनीं सगळे मंत्र आधीं ठरविले त्यांनीं एवढी जागा मात्र मोकळी ठेवली. आगाऊ तयार केलेल्या शब्दांत आजचा दिवस शिरण्यापुरती फट ठेवणें, एवढेंच त्या रीतीचें सांगणें आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें आतां तसेंच चालविलें आहे. तक्ता तो अजूनहि करतो, पण महिन्यापुरता. आणि मजकूर चढवून ठेवतो तो केवळ मसुदा म्हणून. सकाळीं दुकान उघडून, झाडलोट होऊन, तसबिरीपुढें उदबत्ती लावली कीं तो त्या दिवसाच्या ओळी एकदां मोठ्यानें वाचतो, दाराबाहेर रस्त्याकडे पाहतो, आणि मग स्वतःच्या बोटानें त्या पाठवितो. कधीं आठाचे साडेनऊ होतात, कधीं गल्लींत कोणी गेलेलें असलें तर त्या दिवशीं कांहींच जात नाहीं. यामुळें वाचक थोडे घटले असें तो सांगतो. मजकूर अजून आम्हीच लिहितों. फरक एवढाच कीं, तक्त्याची प्रत आतां खणांत नसते. ती आमच्या टेबलावरील कांचेखालीं असते, आणि सकाळचें वर्तमानपत्र वाचून झालें म्हणजे आम्ही त्या दिवसाच्या ओळीकडे एकदां पाहतों. 'लियर'चीं टिपणें मात्र तींच आहेत. तीं उघडण्यापूर्वीं मागल्या बाकापर्यंत नजर टाकावयाची संवय लावून घेण्याचा आमचा प्रयत्न चालू आहे.